फक्त दोनदा वापरलेली

जुनी मोटरसायकल विकणारा 'फार पळालेली नाही हो' म्हणाला की आपण मनातल्या मनात मीटरचा आकडा दुप्पट करतो. जुनी दुर्बीण विकणारा 'फक्त दोनदा वापरली आहे' म्हणाला, तर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवावा. तो खरंच बोलत असतो. पहिल्या वेळी घरातल्या सगळ्यांनी रांग लावून चंद्र पाहिलेला असतो आणि दुसऱ्या वेळी समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी, तीही उलटी. मग दुर्बीण खोक्यात जाते, खोकं माळ्यावर जातं आणि आकाशकंदिलाच्या शेजारी बसतं. आकाशकंदील निदान दिवाळीला खाली उतरतो.

म्हणून या बाजारात झिजलेला माल जवळजवळ नसतोच. इथली दुखणी दोन प्रकारची: पडून राहिल्यामुळे झालेली, आणि कारखान्यातून निघतानाच बरोबर आलेली. पहिली दिसतात आणि बहुतेकदा किरकोळ असतात. दुसरी दिसत नाहीत, आणि त्यांच्यापायीच तर दुर्बीण माळ्यावर गेलेली असते.

दुर्बीण किती जुनी, हे विचारायचीही गरज नसते. ती घरात कशाच्या निमित्ताने आली एवढं विचारावं. आपल्याकडे दुर्बिणी लाटेने येतात. 1986 साली हॅलेच्या धूमकेतूने एक लाट आणली. 1995 च्या दिवाळीतल्या सूर्यग्रहणाने दुसरी, 1997 च्या हेल-बॉप धूमकेतूने तिसरी. 2003 च्या ऑगस्टमध्ये मंगळ सुमारे साठ हजार वर्षांत आला नव्हता इतका जवळ आला, तेव्हा पुष्कळ बापांनी पाकिटं उघडली. 21 डिसेंबर 2020 ला गुरू आणि शनी एकमेकांना चिकटल्यासारखे दिसले. लोक घरात कोंडलेलेच होते, त्यामुळे ती लाट मोठी होती. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरलं. ते घरच्या दुर्बिणीतून दिसणार नव्हतंच, पण उत्साहाला कोण समजावणार? हॅलेच्या काळातली दुर्बीण असेल तर एक गोष्ट लगेच मोजावी: आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, बसतो त्या भोकाचा व्यास. आज सर्रास मिळणारे आयपीस सव्वा इंची असतात. जुन्या छोट्या दुर्बिणींचं तोंड बऱ्याचदा इंचापेक्षाही किंचित लहान, साडेचोवीस मिलिमीटरचं असे. त्या मापाचे चांगले आयपीस आता शोधत बसावे लागतात.

मला यातलं कळतं अशी आमच्या नातेवाइकांत एक समजूत आहे आणि मी ती मोडलेली नाही. म्हणून दाजींना भाच्यासाठी जुनी दुर्बीण घ्यायची ठरली तेव्हा मला बरोबर नेण्यात आलं. पत्ता होता 'द्वारकेवरून पाच मिनिटं'. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो, मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याकडे जाणारा रस्ता जिथे भेटतात तो आमचा द्वारका चौक. डोक्यावर उड्डाणपूल, खाली रिक्षा, एसटी, कांद्याचे ट्रक आणि त्यातून वाट काढणारे आपण. इथे पादचाऱ्याला वर बघणं परवडत नाही. त्यामुळे आकाशाकडे बघायचं यंत्र नेमकं इथे विकायला निघावं यात काही तर्क आहे असं मला वाटलं. शिवाय याच चौकातून सुटणारा पुण्याचा रस्ता नारायणगावावरून जातो. तिथून जवळच खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पसरल्या आहेत, आणि जुन्नरच्या बाजूला गिरवलीच्या डोंगरावर आयुका संस्थेची दोन मीटर आरशाची दुर्बीण आहे. म्हणजे दाजींना हवी होती तीच वस्तू, फक्त थोडी मोठी.

"या, या. गाडी लावायला जागा मिळाली ना?" गृहस्थांनी दारातच विचारलं. द्वारकेच्या आसपास खुशाली अशीच विचारतात. काकूंनी पाणी आणलं. मुलगा आता बंगळुरात, ही त्याची दुर्बीण, फक्त दोनदा वापरलेली.

दाजींनी नळीत डोकावून आरसा पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. आरशावर धुळीचा थर होता. त्यांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला. "दाजी, रुमाल राहू द्या," मी म्हटलं. जुनी दुर्बीण पाहायला जाणाऱ्याने सगळ्यात आधी रुमाल घरी ठेवावा. घरातल्या आरशाचं चकाकतं अंग काचेच्या मागे असतं, म्हणून तो पुसता येतो. दुर्बिणीच्या आरशाला ॲल्युमिनियमचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो, आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. त्यावर कोरडा रुमाल फिरवला की धुळीतले वाळूचे कण रेघा ओढतात, आणि त्या पुसल्या जात नाहीत.

धूळ स्वतः मात्र निरुपद्रवी. मोबाइलचा टॉर्च तिरका मारला तर नव्या कोऱ्या दुर्बिणीचा आरसाही ओंगळ दिसतो, आणि विकणाऱ्याचा भाव पाडायला तेवढं पुरतं. पण ते सभ्यपणाचं नाही. जरा हिशेब करा. 114 मिलिमीटर आरशाच्या या दुर्बिणीत बनवणाऱ्यानेच नळीच्या मध्यभागी एक तिरका छोटा आरसा टांगलेला असतो. आलेल्या प्रकाशापैकी पाच-सहा टक्के प्रकाश तोच अडवतो. ज्या यंत्रात एवढा अडथळा मुद्दाम बसवलेला आहे, त्याला माळ्यावरच्या धुळीची काय भीती? न्यूटनने 1668 साली पहिली परावर्ती दुर्बीण केली तेव्हा त्याच्याकडे काचेचा आरसासुद्धा नव्हता. तांबं आणि कथिल मिसळून केलेली धातूची चकती होती. ती काळी पडे, पुन्हा घासावी लागे. मग काचेवर चांदी चढवायला लागले, तीही काळवंडे. ॲल्युमिनियम आलं गेल्या शतकात, आणि आपण धुळीवरून हळहळायला मोकळे झालो.

बघायचं ते वेगळंच. आरसा थोडा कलता करून कडेपासून पाहावा. मुलामा कुठे दुधाळ झाला आहे का, ठिपक्याठिपक्यांनी खाल्लेला आहे का, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक बुरशीच्या रेषा पसरल्या आहेत का. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो आणि खोक्यातला थर्माकोल ओल धरून ठेवतो. झाकण हरवलेलं असेल तर नळीत पाल राहून गेलेली असते. तिने मागे ठेवलेले अवशेष मुलाम्याला धुळीपेक्षा फार वाईट. अशा आरशाला नवा मुलामा लागतो. ते काम निर्वात पेटीत होतं, कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडे नाही. आरसा बाहेरगावी पाठवायचा, जपून पॅक करायचा, वाट पाहायची. हा सगळा खर्च लहान दुर्बिणीच्या किमतीला गाठतो. आधी भाव काढावा, मग 'घेतो' म्हणावं.

धूळ फारच असेल तर आरसा नळीतून काढून कोमट पाण्यात द्रवरूप साबणाचे दोन थेंब टाकून भिजवावा, ओल्या कापसाचा बोळा स्वतःच्या वजनाने जेवढा दाबेल तेवढाच फिरवावा, आणि शेवटी डिस्टिल्ड पाणी ओतून उभा वाळवावा. हे वर्षा-दोन वर्षांतून एकदा. काही लोक दर महिन्याला करतात. त्यांना दुर्बीण नव्हे, चांदीची भांडी घ्यायला हवी होती.

आता खरी परीक्षा. तिला लागतो शिंप्याकडे असतो तसला टेप. नळीवरच्या पट्टीवर दोन आकडे छापलेले असतात. पहिला आरशाचा व्यास, दुसरा नाभीय अंतर. प्रकाश आरशावरून परत फिरून जिथे एकवटतो तिथपर्यंतचं हे अंतर. न्यूटनच्या पद्धतीच्या साध्या दुर्बिणीत नळीची लांबी साधारण या दुसऱ्या आकड्याएवढीच असायला हवी. द्वारकेच्या दुर्बिणीवर 900 होतं, दाजींनी टेप लावला, नळी मीटरला थोडी कमी भरली. पास.

पण पट्टीवर 1000 आणि नळी जेमतेम अर्ध्या मीटरची, अशा दुर्बिणी बाजारात ढिगाने आहेत. त्यांच्या फोकसरच्या, म्हणजे आयपीस पुढे-मागे सरकवणाऱ्या नळीच्या, बुडाशी एक भिंग लपवलेलं असतं. आत सोपा, गोलाचा तुकडा असलेला आरसा, आणि त्याचा दोष सुधारायला हे भिंग. कल्पना मुळात वाईट नाही, नीट बनवली तर चालतेही. स्वस्तात बनवली की आरशाचा दोष राहतो आणि भिंगाचा वाढतो. पोराला शनी दाखवायला जावं तर पिवळट डाग दिसतो, आणि पोराला वाटतं आपल्यालाच पाहता येत नाही. माळ्यांवरच्या निम्म्या दुर्बिणी अशाच वाटेने गेल्या असाव्यात असं माझं मत आहे.

आरशाच्या आकाराचं हे प्रकरण डोळ्यांना दिसत नाही, हीच त्यातली मेख. तारा टिंबासारखा दिसायला आरसा पॅराबोला, म्हणजे अन्वस्ताकार हवा. घडायला सोपा असतो तो गोलाकार. 114 मिलिमीटर व्यासाच्या, 500 मिलिमीटर नाभीय अंतराच्या आखूड आरशात या दोन आकारांमधला फरक कडेला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून थोडा जास्त असतो. बोटाला तो लागणार नाही, चष्म्याला दिसणार नाही, पण ताऱ्याला लगेच कळतो. 900 च्या लांब आरशात तोच फरक इतका घटतो की गोलाकार आरसाही चालून जातो. म्हणून ज्याला जास्त काही कळत नाही त्याने लांब नळीची घ्यावी. ती घरात अडचण करते, रिक्षात बसत नाही, बायको बोलते. पण शनी दाखवते.

खोक्यावर छापलेला '525 पट' हा आकडा वाचू नये. किती पट मोठं दिसणार हे साध्या भागाकाराने निघतं: नाभीय अंतराला आयपीसच्या आकड्याने भागा. 900 ची नळी, 25 चा आयपीस, छत्तीस पट. दहाचा आयपीस, नव्वद पट. शनीची कडी दिसायला चाळीसएक पट पुष्कळ. वरची हद्द ढोबळमानाने आरशाच्या मिलिमीटरच्या दुप्पट, म्हणजे 114 ला सव्वादोनशेच्या आसपास, तीही हवा स्थिर असेल तर. चार मिलिमीटरचा आयपीस आणि प्लास्टिकचं तिप्पट करणारं बार्लो भिंग मिळून पाच-सातशेचा आकडा कागदावर होतो, आकाशात होत नाही. खोक्यात 25 आणि 10 हे दोन आयपीस शाबूत असले की झालं.

गृहस्थांच्या खोक्यात तळाशी एक छोटी काळी काच निघाली, आयपीसला मागून फिरवून बसवायची. तिच्यावर 'सूर्य' लिहिलेलं होतं. इथे मी विनोद थांबवतो. अशी काच मिळाली तर ती विकणाऱ्याच्या समोरच फोडून टाकावी. आरशाने गोळा केलेली सगळी उष्णता तिच्यावर येते, ती तडकते, आणि त्या क्षणी डोळा आयपीसला लावलेला असतो. सूर्य पाहायचा तर गाळणी नळीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण तोंड झाकणारी आणि त्यासाठीच बनवलेली हवी. काकूंनी ती काच कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली. मुलाला इतकी वर्षं काही झालं नाही, यात त्या 'फक्त दोनदा'चाच हात असणार.

"पण हिच्यात सगळं वाकडं दिसतं हो," गृहस्थ प्रामाणिकपणे म्हणाले. "आरसा सरकलाय बहुतेक. म्हणूनच भाव कमी लावलाय." खरेदीदाराने मनात पेढे वाटावेत असं हे वाक्य. दोन आरसे एका रेषेत नसणं हा परावर्ती दुर्बिणीचा रोजचा स्वभाव आहे, रोग नव्हे. मागच्या बाजूला आरशाखाली तीन स्क्रू असतात, पुढच्या छोट्या आरशाला तीन. पूर्वी कॅमेऱ्याच्या रोलची डबी मिळे, तिच्या बुडाला बरोबर मध्यभागी भोक पाडून ती फोकसरमध्ये बसवायची आणि आत पाहत स्क्रू फिरवायचे: छोट्या आरशात मोठा आरसा, त्यात पुन्हा छोट्याचं प्रतिबिंब, ही सगळी वर्तुळं एकाच केंद्राभोवती आली की काम झालं. शिकायला एक संध्याकाळ पुरते. बघायचं एवढंच की स्क्रू फिरतात की नाही, आटे गेलेले नाहीत ना, छोटा आरसा त्याच्या देठावर हलत नाही ना, आणि मोठ्या आरशाच्या मध्यावर खुणेचा ठिपका आहे की नाही. ठिपका पाहून लोक 'डाग आहे' म्हणून भाव पाडतात. तो ठेवलेलाच असतो. आरशाच्या मध्यावर तसाही छोट्या आरशाची सावली पडते.

आणि उलटं दिसतं, तेही बरोबरच. आकाशात वर-खाली नसतं.

दिवसा दुर्बीण पाहायची वेळ आली तर गच्चीवर जावं. खिडकीच्या काचेतून पाहणं व्यर्थ. लांबचा विजेचा मनोरा शोधावा. त्याच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर ऊन चमकत असेल तर ती चमक म्हणजे दिवसा मिळालेला तारा. आधी ती नेमकी टिंबासारखी होते का पाहावं, मग फोकसर किंचित पुढे-मागे करावा. चमकेची गोल चकती होते, तिच्यात मध्यभागी काळं वर्तुळ. ते वर्तुळ एका बाजूला सरकलं असेल तर स्क्रू फिरवायचे आहेत. चकती त्रिकोणी दिसली तर आरसा त्याच्या खोबणीत जास्त आवळला गेला आहे. आत आणि बाहेर दोन्ही बाजूंना चकती सारखी दिसली तर मुकाट्याने पैसे काढावेत. फक्त सूर्य पाठीशी हवा आणि नळी त्याच्या आसपासही फिरू नये.

रात्र मिळाली तर याहून उत्तम. आरशाला बाहेरच्या हवेइतकं गार व्हायला अर्धा-एक तास द्यावा. खोलीतून आणल्याबरोबर पाहिलं की तारा उकळत्या दुधासारखा दिसतो आणि बिचाऱ्या दुर्बिणीवर ठपका येतो. सप्तर्षी वर आलेले असतील तर वसिष्ठ पाहावा. लग्नात शेजारची अरुंधती दाखवतात, ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. वसिष्ठ स्वतःच दोन तारे आहेत, हे मात्र भटजी सांगत नाहीत. बऱ्या दुर्बिणीत ते स्वच्छ वेगळे होतात. शनीवरून परीक्षा घ्यायची तर हल्ली सांभाळून. 2025 च्या मार्चमध्ये त्याची कडी आपल्या दृष्टीने अगदी कडेवर आली होती, ती पुन्हा हळूहळू उघडते आहे. 'चित्रातल्यासारखी कडी कुठे आहे?' म्हणून भाव पाडणाऱ्याला तेवढं सांगावं.

आता स्टँड. दुर्बिणीपेक्षा स्टँड महत्त्वाचा असं मी म्हटलं तेव्हा दाजींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते. पण नळीला हलकी टिचकी मारून आयपीसमध्ये पाहावं. दोन-तीन सेकंदांत चित्र स्थिरावलं तर बरं. पाच-सहा सेकंद डुलत राहिलं तर फोकस करायला हात लावला की ग्रह नाचणार, आणि कोणीही नाचत्या ग्रहाकडे फार दिवस पाहत नाही. आम्ही टिचकी मारायच्या आधीच चित्र हललं, कारण बाहेरून एक कंटेनर गेला. द्वारकेला हे गृहीत धरून चालावं लागतं. त्याचे पैसे कापून घेऊ नयेत.

त्या स्टँडला विषुववृत्तीय माउंट म्हणतात. त्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखायचा असतो. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर तितकेच आपल्या गावाचे अक्षांश, आणि नाशिकचे अक्षांश वीस. म्हणजे अक्ष जवळजवळ आडवा करावा लागतो. ही माउंट बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चाळीस-पन्नास अंशांवरची थंड गावं असतात. त्यामुळे काही माउंट वीस अंशांपर्यंत उतरतच नाहीत, आणि उतरली की समतोलाचं वजन फिरताना ट्रायपॉडच्या पायावर आपटतं. हे विकत घेण्याआधीच वीस अंशांवर लावून, सगळीकडे फिरवून पाहिलं पाहिजे. समतोलाचं ते लोखंडी वजन खोक्यात आहे का तेही पाहावं. घरोघरी त्याचा दाराला अडसर झालेला असतो. वर द्वारकेच्या परिसरात ध्रुव शोधायला जावं तर वीस अंशांवर हमखास कोणाची तरी इमारत उभी असते.

या कटकटीवर उपाय काढला तो एका संन्याशाने. जॉन डॉब्सन 1944 साली सॅन फ्रान्सिस्कोला रामकृष्ण संघाच्या वेदान्त सोसायटीत दाखल झाला. मठात बसून तो भंगारातल्या काचा घासायचा, पुठ्ठ्याच्या नळ्या करायचा आणि रात्री बाहेर जाऊन लोकांना आकाश दाखवायचा. ध्यानाच्या वेळी हा कुठे असतो हे मठाला कळेना, आणि 1967 साली दुर्बिणींपायी त्याला मठ सोडावा लागला. त्याने अक्ष-बिक्ष सोडून नळी सरळ एका लाकडी डब्यात बसवली: वर-खाली आणि डावी-उजवी, बस्स. तिला आता जगभर डॉब्सोनियन म्हणतात. ती जुनी घेताना फक्त डब्याचं लाकूड पावसाने फुगलं नाही ना आणि एका बोटाने ढकलल्यावर न अडखळता सरकते ना, एवढंच पाहायचं.

पडून राहिलेल्या दुर्बिणींविषयी फार वाईट वाटून घेऊ नये, मोठमोठ्यांचंही तेच झालेलं आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी राहिली, 1888 साली. तिचं नाव महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. तिथे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी डब्लिनच्या ग्रब कंपनीची वीस इंची परावर्ती दुर्बीण आणली. त्या वेळी देशात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाला नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून बसले आणि सूर्याच्या प्रभामंडलाचे वेध घेतले. 1912 साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद झाली. दुर्बीण खोक्यांतून कोडाईकनालला गेली आणि कित्येक वर्षं नुसती पडून राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती पुन्हा उभी केली गेली. भावनगर दुर्बीण म्हणून ती ओळखली जाते. आरशात काही बिघडलं नव्हतं. पाहणारा माणूस निवृत्त झाला होता, एवढंच.

म्हणून सगळ्या मोजमापांनंतर एक प्रश्न मी नेहमी विचारतो: वापरणं बंद का पडलं? गृहस्थ थोडे ओशाळले. "गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे असते. दर वेळी मागायची म्हणजे... आणि मग दहावी आली." ही खरी तपासणी. मुलगा कंटाळला म्हणाले असते तर मी दुर्बिणीत दोष शोधत बसलो असतो. किल्लीचं कारण होतं, म्हणजे यंत्र निर्दोष. फक्त दाजींकडे वळून विचारलं, तुमच्याकडे गच्चीची किल्ली कोणाकडे असते? दाजीच सोसायटीचे सेक्रेटरी निघाले. व्यवहार नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत झाला, चहाही झाला.

घेण्याची वेळ म्हणाल तर आषाढात भाव सर्वांत कमी असतो, कारण विकणारा आणि आकाश दोघेही बंद असतात. पण मग ताऱ्यावर परीक्षा होत नाही. दिवाळीनंतर निफाडच्या थंडीच्या बातम्या यायला लागल्या की नाशिकचं आकाश उघडतं, तेव्हा घ्यावी. पहाटेच्या दवाने छोटा आरसा धुरकट होतो, तो पुसू नये, आपोआप सुकतो. शहरातून त्र्यंबक किंवा पेठच्या रस्त्याला थोडं बाहेर गेलं तरी फरक पडतो.

आणि नाशिककराने घ्यायलाच हवी याला एक कारण आहे. आपल्या गावाची सगळ्यात मोठी जत्रा गुरू सिंह राशीत आला की भरते. गुरूला सूर्याभोवती फिरायला बारा वर्षांना थोडी कमी लागतात, म्हणून 2015 नंतर आता 2026-27 चा सिंहस्थ. लाखो लोक गोदावरीवर येतील आणि ज्याच्यामुळे आले त्याच्याकडे क्वचितच कोणी मान वर करून पाहील. 2027 च्या फेब्रुवारीत तो रात्रभर आकाशात असेल. छत्तीस पटींच्या आयपीसनेसुद्धा त्याचे चार चंद्र आणि अंगावरचे दोन पट्टे दिसतात.

निवड करता येत असेल तर माझं मत असं: दीडशे मिलिमीटरचा आरसा, बाराशेचं नाभीय अंतर, लाकडी डब्यातली डॉब्सोनियन. 114 पेक्षा तिच्यात पावणेदोन पट प्रकाश येतो, लांब आरशामुळे आकाराच्या चुका कमी असतात, अक्षांशांची भानगड नाही, हरवायला वजन नाही. अशी एखादी जुनी, धुळीने भरलेली, 'फक्त दोनदा वापरलेली' मिळाली आणि मुलामा शाबूत असला, तर घासाघीस करू नका. आणि ज्यांच्या माळ्यावर ती पडून आहे त्यांनी जाहिरातीत दुर्बिणीचा फोटो टाकण्याआधी नळीची लांबी लिहावी.